पाईप गोठला गाडीखाली, फुटला आत: जानेवारीतली स्पिती आणि आमच्या मोटरहोमचं पाणी

केळीचा_खुंट (रावेर)

मंडळी, मागच्या आठवड्यात स्पिती करून घरी पोचलो. रस्ता, फोटो, खाणंपिणं यांचा वेगळा धागा काढेन (हिमबिबट्या दिसला नाही, विचारू नका). हा धागा फक्त पाण्याचा आहे.

गाडी तीन वर्षांपूर्वी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेली. बांधताना बॉडीवाल्याला एकच गोष्ट दहादा सांगितली होती, "भाऊ, ऊन!" छताला जाड इन्सुलेशन, खिडक्यांना चंदेरी पडदे, दोन पंखे. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही, त्यामुळे डोक्यात दुसरं काही आलंच नाही. आतली जागा वाचावी म्हणून ८० लिटरची टाकी चासीखाली, पंप मागच्या डिकीत, आणि पंपापासून ओट्याच्या नळापर्यंतचा सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाईप गाडीच्या पोटाखालून. उन्हाळ्यात नळाला पहिल्या मिनिटाला कढत पाणी यायचं. तेवढं सोडलं तर तीन वर्षं तक्रार नाही.

शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो, काझा असे गेलो. (हिवाळ्यात मनालीकडून काझ्याला जाता येत नाही. अटल बोगद्यातून लाहौलला पोचता, पण पुढे कुंझुम खिंड बंद.) पिओपर्यंत सगळं ठीक. नाकोला रात्री नळ उघडला तर पंप नुसता घुरघुरला. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन आल्यावर थोडं पाणी आलं, म्हटलं चला, सुटलं. काझ्यात मात्र तीन दिवस टिपूस नाही. होमस्टेच्या काकूंनी बादलीने पाणी दिलं. त्यांच्या स्वतःच्या घरातले नळ थंडी पडायच्या आधीच कोरडे करून ठेवलेले. आमची धडपड बघून हसत होत्या.

खरी गंमत परतीला. रामपूरला उतरलो, सतलजकाठी बऱ्यापैकी ऊब, निवांत झोपलो. पहाटे बायको म्हणाली, "गोधडी ओली का लागतेय?" पंपाचं बटण चालूच राहिलं होतं. जे पाणी तीन दिवस मागूनही आलं नाही, ते रात्रभर गाडीत वाहत होतं.

दोन ठिकाणी फुटलं होतं. एक, पंपाआधीच्या गाळणीची पारदर्शक वाटी. तिला केसाएवढी बारीक चीर, वरून खालपर्यंत. दोन, ओट्यामागचा नळाचा एल्बो (पाईप वळवायचा कोपऱ्याचा सांधा). आणि हेच कोडं आहे. ओटा गाडीच्या आत. आत डिझेल हीटर रात्रभर चालू, पहाटेसुद्धा १२ अंशांच्या खाली गेलं नाही. पाणी गोठलं ते गाडीखाली. मग एल्बो आतला कसा फुटला?

शेवभाजी_तर्रीवाली (जळगाव)

भो, तू पानी भरीसन गया नी बरफ लई उना! 😄

वहिनींची गोधडी सुकली का ते सांग आधी.

तापीकाठ (शिरपूर)

खुंटभाऊ, एल्बो गेला तो खराब खड्ड्यांनी असेल, थंडीचा संबंध नाही. सीपीव्हीसी आणि किन्नौरचा रस्ता, दुसरं काय होणार.

बाकी उपाय सोपा आहे. पाईपला काळं नायट्राईल फोम चढवायचं, एसीच्या कॉपर पाईपवर असतं ते. जास्तच वाटलं तर १२ व्होल्टची हीटिंग टेप. झालं.

अमळनेर_ते_कॅल्गरी

नमस्कार. मूळचा अमळनेरचा, गेली अकरा वर्षं कॅनडात. इथे ऑक्टोबर आला की आमच्या गल्लीत प्रत्येक जण आपापल्या आरव्हीखाली (मोटरहोमला इथे आरव्ही म्हणतात) पाठीवर झोपलेला दिसतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

तापीकाठ, फोमबद्दल एक गैरसमज आधी काढू. फोम उष्णता तयार करत नाही, असलेली जायला उशीर लावतो. दुपारी भरलेलं पाणी रात्री ९ ला गोठायचं ते पहाटे २ ला गोठेल, इतकंच. जिथे दिवसाही पारा शून्याच्या वर येत नाही तिथे त्याचा उपयोग संपला.

आता एल्बो. खुंटभाऊ, तुमचा एल्बो खड्ड्यांनी गेलेला नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत दाट असतं, त्याखाली ते पसरायला लागतं आणि बर्फ झालं की साधारण ९ टक्के जास्त जागा मागतं. पण बर्फ ज्या जागी झाला तिथेच पाईप फुटतो असं नाही. गाडीखाली पाईपमध्ये बर्फाचा बूच तयार झाला. तो वाढत गेला तसं पुढचं पाणी नळाकडे ढकलायला लागला. नळ बंद. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बूच आणि बंद नळ यांच्यामधला दाब भयंकर वाढतो आणि त्या टप्प्यातली सगळ्यात कच्ची जागा फुटते. ती उबेत असली तरी. तुमच्याकडे ती ओट्यामागचा एल्बो होती. आणि जोवर बूच जागेवर आहे तोवर गळणार काय? म्हणून गळती रामपूरला दिसली.

नळ नुसता उघडा ठेवला असता तरी एल्बो वाचला असता. गाळणीची वाटी नसती वाचली, तिच्यात पाणी साचूनच राहतं. ती हाताने फिरवून काढून रिकामी करावी लागते. आमच्याकडे सगळ्यात जास्त विकला जाणारा सुटा भाग तोच असावा.

केळीचा_खुंट

दादा, हात जोडले. तीन दिवस डोकं खाजवत होतो.

म्हणजे आपल्या ड्रिपसारखंच की. हंगाम संपला की आपण नळ्यांची शेवटची तोंडं उघडून सगळं पाणी काढतो, फिल्टर उघडून धुतो. घरच्या शेतात दरवर्षी करतो आणि गाडीत केलं नाही!

दुकान_बारापत्थर (धुळे)

आमचं प्लंबिंगचं दुकान आहे. सीपीव्हीसी थंडीत कडक होतो, ठिसूळ होतो, हे खरं. पेक्स (लवचिक प्लास्टिकचा पाईप) लावा, तो थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. पण त्याचेही सांधे पितळेचे किंवा प्लास्टिकचेच, ते ताणत नाहीत. पेक्स लावला म्हणून पाणी भरलेलं ठेवायचं असं नाही.

दुसरं, पाईपला झोळ नको. दोन क्लिपांमध्ये पाईप लोंबला की तिथे पाणी बसतं आणि कितीही नळ उघडा, जात नाही. टाकीकडे उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी टी (तीन तोंडांचा सांधा) लावून अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह. गरम आणि गार दोन्ही लाईनला वेगवेगळा. गाडी उभी करताना व्हॉल्व्हकडची बाजू थोडी उताराला ठेवली की काम झालं.

तापीकाठ

ठीक, खड्ड्यांचं मागे घेतो. पण हीटिंग टेपचं काय? माझ्याकडे १२ व्होल्टची २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी आहे.

अमळनेर_ते_कॅल्गरी

हिशोब करा. टेप मीटरला १५ वॅट धरा, पाईप ६ मीटर, म्हणजे ९० वॅट. टाकीखालच्या पॅडला आणखी ६० धरा. १५० वॅट, रात्रीचे १२ तास, झाले १८०० वॅट-तास. तुमची बॅटरी पूर्ण भरलेली असली तर साधारण २५०० वॅट-तास देते. त्यात हीटरचा पंखा, दिवे, मोबाईल. पहिली रात्र निघेल. दुसऱ्या दिवशी ती भरणार कशी? आणि लिथियम बॅटरी शून्याच्या खाली असताना चार्ज करायची नसते, आतून कायमची खराब होते. म्हणजे आधी बॅटरीच उबेत ठेवा.

विजेची जोडणी असलेल्या जागी टेप चांगली. रानात नाही.

बॉडीवाला_एमआयडीसी (जळगाव)

खुंटभाऊंची गाडी आम्ही बांधलेली नाही, पण बोलणं आम्हालाच बसतं म्हणून लिहितो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, आत जास्तीत जास्त जागा द्या. टाकी आत घेतली तर पलंगाखालचं कपाट जातं, मग घरी वाद होतात. आणि खरं सांगू, आमच्या दहातल्या नऊ गाड्या सप्तशृंगी, शिर्डी, गोवा, फार तर राजस्थान. स्पितीला जायचं असेल तर बांधतानाच सांगा ना भाऊ.

सांगितलं तर काय करतो: टाकी आणि पंप दोन्ही आत, पलंगाखाली. पाईप भिंतीला चिकटून पण इन्सुलेशनच्या आतल्या बाजूला. हीटरचा गरम हवेचा एक फाटा त्या कपाटात. मग जोवर तुम्ही गरम आहात तोवर पाणीही गरम.

भुसावळ_जंक्शन

सेवानिवृत्त, रेल्वेत डब्यांच्या देखभालीला होतो. भुसावळला पाणी गोठायचा प्रश्न कधी आला नाही, उलट मे महिन्यात प्रवासी ओरडायचे की संडासच्या नळाला चटका बसतो.

पण एक सांगतो. ६ जून २०२५ ला कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. तिच्यात पाण्याच्या आणि बायोटॉयलेटच्या टाक्या गोठू नयेत म्हणून गरम करण्याची सोय मुद्दाम दिली आहे, व्हॅक्यूम यंत्रणेलाही गरम हवा जाते. डब्याला वरून भरपूर वीज, तिथे हे शक्य. तुमच्या गाडीला ती कुठून येणार? ज्याच्याकडे वीज आहे त्याने तापवावं, ज्याच्याकडे नाही त्याने रिकामं करावं.

सातपुड्याची_लेक (नंदुरबार)

माझा प्रश्न छोटा आहे. आम्ही स्पितीला कुठे जातोय! पण दर डिसेंबरात तोरणमाळला गाडी घेऊन दोन रात्री असतो. तिथे पहाटे गवतावर दव गोठलेलं पाहिलंय, डाब गावाकडेही होतं तसं. मग तिथेही हा खटाटोप करायचा का?

अमळनेर_ते_कॅल्गरी

ताई, नाही. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता वर सोडून देतात, त्यामुळे हवा शून्याच्या थोडी वर असतानाही गवताचं पान शून्याखाली जातं. म्हणून दव गोठतं. ८० लिटरच्या टाकीला गोठायला बराच वेळ शून्याखाली राहावं लागतं. तोरणमाळला दोन तासांत ऊन येतं. उघड्यावर लोंबणारी शॉवरची नळी झटकून ठेवा, पुरे.

सातपुड्याची_लेक

हुश्श. धन्यवाद दादा. आमच्याकडे थंडीत केळीला रात्री पाणी देतात, विहिरीचं पाणी उबदार असतं म्हणून. ते आठवलं.

शेवभाजी_तर्रीवाली

मग मी काय म्हणतो, रेडिएटरमध्ये टाकतो ते हिरवं कूलंट ओता ना टाकीत. गोठत नाही, विषय संपला.

अमळनेर_ते_कॅल्गरी

विषय नाही, माणूस संपेल. कृपया कोणी करू नका, गंमत म्हणूनही नाही. गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकोल असतं. ते चवीला गोड आणि विषारी, किडन्या निकामी करतं. पिण्याच्या लाईनमध्ये ते कधीही जाता कामा नये.

लागतं ते प्रोपिलीन ग्लायकोल. इथे गुलाबी रंगाचं, कॅनमध्ये तयार मिळतं. तुमच्याकडे केमिकलवाल्यांकडे फूड ग्रेड किंवा औषधी ग्रेड म्हणून मागा, खाद्यपदार्थांत आणि औषधांत वापरतात तेच. पाण्यात निम्मं मिसळलं तर साधारण उणे ३३ पर्यंत गोठत नाही, ३० टक्के मिसळलं तर उणे १३ च्या आसपास. कॅनवर उणे ४५, उणे ५० असे आकडे असतात त्यांना भुलू नका. तो पाईप न फुटण्याचा आकडा असतो. त्याच्या बऱ्याच आधी आत बर्फाचा चिखल होतो. चिखल वाहत नाही, पण पाईपही फोडत नाही.

आता पूर्ण रीत, एकदाच लिहितो. गिझर बंद करून पाणी थंड होऊ द्या, मग त्याचं खालचं बूच काढा, वरचा दाबाचा व्हॉल्व्ह उघडा. गरम असताना बूच काढलंत तर अंगावर येईल. टाकीचा आणि दोन्ही लाईनचे खालचे व्हॉल्व्ह उघडा. सगळे नळ उघडा, शॉवर, संडासचा फ्लश, बाहेर पाय धुवायचा नळ असेल तर तोही (तोच सगळे विसरतात). पंप काही सेकंद कोरडा चालवा. मग हवा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, त्यात १०० पीएसआयच्या वर दाब असतो. रेग्युलेटर लावून ३० ते ४० वर आणा आणि एकेक नळ उघडून फुसफुस कोरडी होईपर्यंत फुंका. गाळणीची वाटी काढा. आरओचं फिल्टर काढून आत उबेत ठेवा.

एवढ्यावर थांबलात तरी चालतं. आणखी खात्री हवी तर गिझरला बायपास करा, नाहीतर त्यातच दहापंधरा लिटर ग्लायकोल मुरेल. पंपाची शोषणारी नळी कॅनमध्ये बुडवा आणि प्रत्येक नळातून ग्लायकोल येईपर्यंत चालवा. बेसिनच्या आणि शॉवरच्या खालच्या वाकड्या नळीत एकेक कप ओता, तिथलं पाणी हवेने निघत नाही. आधी पाणी काढलं नाहीत तर उरलेल्या पाण्याने ग्लायकोल पातळ होतं आणि वरचे सगळे आकडे खोटे ठरतात.

गॅरेज_पारोळा_रोड

एक सांगू का, सगळे पाण्याच्या टाकीमागे लागलेत. आपल्याकडे मे महिन्यात गाडी तापली की ढाब्यावर थांबून रेडिएटरमध्ये बाटलीतलं साधं पाणी ओततात. दोनतीन उन्हाळ्यांनी आत कूलंट नावालाच उरतं. तीच गाडी जानेवारीत काझ्याला उभी केली तर इंजिनचा ब्लॉक तडकेल, मग एल्बोचं दुःख विसराल. निघण्याआधी जुनं काढून टाका आणि ताजं नीट मिसळून भरा. काच धुवायच्या बाटलीतलं पाणीसुद्धा काढा.

डिझेलचंही. इथून टाकी फुल्ल करून वर जाऊ नका, आपलं डिझेल तिकडे मेण धरतं. लडाखसाठी उणे ३३ पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल २०१९ पासून मिळतं. स्पितीला जाणाऱ्यांनी तिथल्या स्थानिक ड्रायव्हरांना विचारून भरावं.

तापीकाठ

आणि गॅस गिझर? शेजारी म्हणतात, टाकीच नको, झटपट गरम पाणी.

दुकान_बारापत्थर

त्याच्या आत तांब्याची बारीक नागमोडी नळी असते. चमचाभर पाणी राहिलं तरी फाटते. आणि बंद गाडीत गॅस गिझर म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. वास नाही, रंग नाही. आमच्या दुकानात मोटरहोमसाठी मागितला तर देत नाही.

केळीचा_खुंट

तीन आठवड्यांनी परत येतोय.

टाकी आत घेतली. ८० ची काढून ४० लिटरची, पलंगाखाली, हीटरच्या फाट्यासकट. बायकोचं कपाट गेलं, बॉडीवाला म्हणतात तसा वाद झाला, तो इथे लिहीत नाही. पाईप पेक्सचा, उतार देऊन, खाली दोन व्हॉल्व्ह. आणि ठरवलंय की नाकोच्या वर गेलो की लाईनच कोरडी करायची. त्यापुढे २० लिटरचे दोन जार गाडीच्या आत, तांब्याने पाणी घ्यायचं, भांडी टबात धुवायची. टबातलं पाणी रस्त्यावर ओतायचं नाही, सकाळी त्याच बर्फावरून आपलीच गाडी घसरते.

हीटरचं एक राहिलं. काझा ३६०० मीटरच्या वर आहे, तिथे हवा विरळ. त्याच मापाने डिझेल पाजत राहिलो म्हणून आमचा हीटर काजळी धरून दोनदा बंद पडला. हीटरच्या डिझेल पंपाची गती कमी केल्यावर चालला.

आता प्रयोग. रावेरात उणे तापमान कुठून आणणार? मित्राचं आईस्क्रीमचं दुकान आहे, त्याच्या डीप फ्रीझरला उणे १८ असतं. सीपीव्हीसीचे वीतभर लांबीचे चार तुकडे घेतले, खाली कॅप चिकटवली. पहिल्यात काठोकाठ पाणी भरून वर कॅप. दुसऱ्यात अर्धं पाणी, वर कॅप. तिसऱ्यात ३० टक्के ग्लायकोल, चौथ्यात निम्मं निम्मं, दोन्ही काठोकाठ. रात्रभर ठेवले.

सकाळी पहिला उभा चिरलेला, कॅपच्या गळ्यापासून, आणि चिरेतून बर्फाची पांढरी कड बाहेर आलेली. दुसरा शाबूत, आतला बर्फ वर फुगून आलेला. तिसरा शाबूत, आत बर्फाच्या गोळ्यासारखा चिखल. चौथा हलवला तर आत डुबुक आवाज.

मित्राने मात्र पुढच्या वेळी परवानगी नाकारली आहे. त्याच्या नोकराने चौथा तुकडा पेप्सीकांडी समजून गिऱ्हाइकाला दाखवला.

शेवभाजी_तर्रीवाली

कितले दिधी?